अक्कासाठी आणलेला कूलर

घरात एखादी नवी वस्तू आली की सगळे तिच्याभोवती जमतात आणि मी रिकाम्या खोक्यात हात घालून माहितीपुस्तिका शोधते. मग ती वाचत बसते, धोक्याच्या सूचनांसकट. मुलं हसतात. नवरा म्हणतो, “अगं, बटण दाब, चालू होईल.” बटण दाबलं की चालू होतं हे मलाही कळतं. पण चालू होऊनही काडीचा उपयोग होत नाही अशी वस्तू मी पाहिलेली आहे, आणि तिच्यापायी आमच्या घरात काय झालं तेही पाहिलेलं आहे. ते सांगायचं म्हणजे जळगावचा तो मे महिना पुन्हा आठवायचा. त्याचाच मला कंटाळा येतो.

नव्वद साल उजाडायला अजून एखाद-दोन वर्षं होती. मी कॉलेजात होते. नाना, म्हणजे माझे वडील, एका कचेरीत कारकून होते. आमचं घर भाड्याचं, वर स्लॅब. दुपारनंतर तो स्लॅब असा तापायचा की पंखा लावला तर वरची सगळी धग तो खाली आमच्या अंगावर आणून टाकायचा. घरात मोठी खोली एकच. तिला एक खिडकी मागच्या परसात उघडायची आणि दुसरी समोर रस्त्यावर. या दोन खिडक्या लक्षात ठेवायला हव्यात, कारण आमच्या लक्षात त्या आल्याच नाहीत.

आई धुळ्याजवळच्या खेड्यातली. जळगावात इतकी वर्षं काढूनही घरात अहिराणीच बोलायची. उन्हाला तोंड कसं द्यायचं हे ती माहेराहून शिकून आली होती. सकाळी बाहेर बऱ्यापैकी गार असतानाच ती घर कोंडायला घ्यायची. आधी रस्त्याकडच्या खिडकीची दारं ओढून कडी घालायची आणि वरून ओलं गोणपाट सोडायची. मग पुढचं दार लावून खालच्या फटीत जुन्या धोतराची वळकटी दाबायची. मग परसाकडची खिडकी. मग फरशीवर पाणी शिंपडून ती एका हाताने पुसत न्यायची. रात्रीचा जो काही गारवा घरात साठलेला असेल तो दुपारपर्यंत पुरवायचा, एवढीच तिची विद्या, आणि ती खोटी नव्हती. आमचं घर खरोखरच इतरांपेक्षा थंड राहायचं. शेजारच्या बायका तांदूळ निवडायला आमच्याकडे येत आणि “तुमच्या घरात कसं बरं वाटतं,” म्हणत. मात्र यायचं ते दार लागायच्या आत. नंतर कुणी कडी वाजवली तर आई आतूनच विचारायची, काय काम आहे. मी पाणी प्यायला उठून चुकून दार किलकिलं केलं तरी तिचा आवाज येई, “दार लाव वं माय, बठ्ठी झळ मझार ई ऱ्हायनी!” सगळी झळ आत येतेय. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी भरदुपारी दार उघडलं की माझ्या जिभेवर तेच येतं.

तर त्या वर्षी अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, दिवस गेले. तिचं सासर नाशिकला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आईच्या मनात ठरलेलंच होतं. आईचं स्वतःचं पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं, कारण तिची आई तोवर वारली होती. न्हाऊमाखू घालायला कुणी नव्हतं, दहाव्या दिवशी चुलीपुढे बसावं लागलं, हे तिने आम्हाला कधी रडून सांगितलं नाही, पण सांगितलं पुष्कळदा. लेकीच्या वाट्याला तसं येऊ द्यायचं नाही एवढाच तिचा हट्ट होता.

अडचण एकच होती. दिवस भरणार होते मेच्या अखेरीस. अक्काच्या सासूबाई भल्या बाई होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण त्यांचा सूर नाही म्हणण्याचाच होता. “आमची ना नाही हो विहीणबाई, पण तुमच्याकडचा उन्हाळा! तिला तर आता नाशिकची हवा लागलीय. तुम्हीच या ना इकडे.” तेव्हा नानांनी, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या नानांनी, ताठ बसून सांगितलं, “आम्ही कूलर घेतोय.”

याचं मूळ भुसावळात होतं. नानांचे एक मित्र तिथे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत. आदल्या उन्हाळ्यात नाना त्यांच्याकडे जेवायला गेले आणि कूलरसमोर झोपून आले. आल्यावर त्यांनी वर्णन केलं ते असं: पांघरूण मागावंसं वाटलं. मे महिन्यात, भुसावळात, पांघरूण! आईला वाटलं, उन्हातून आल्यामुळे यांना चढलंय. त्या क्वार्टरमध्ये दिवसभर माणसांची ये-जा असायची, दार सताड उघडं असायचं, हेही नानांनी सांगितलं होतं. पण ते तक्रारीच्या सुरात. एवढा कूलर आहे आणि दार उघडं टाकतात, काय म्हणावं या लोकांना.

कूलर कंपनीचा वगैरे नव्हता. तेव्हा आमच्याकडे गावातच पत्रा कापून कूलर बनवून देत. दुकानदाराने होळीच्या आधी ऑर्डर घेतली आणि पाडव्यापर्यंत देतो म्हणाला. पाडव्याला म्हणाला, पंखा यायचाय. पंखा आला तेव्हा पंप नव्हता. पंप आला तर रंग ओला होता. नाना कचेरीतून सुटले की सायकल तिकडे वळवायचे. दुकानदार त्यांना चहा पाजायचा आणि “भाऊ, तुमचाच नंबर आहे,” म्हणायचा. तो चहा पिऊन नाना इतके कानकोंडे व्हायचे की त्यांना रागावता यायचं नाही. घरी येऊन मात्र आमच्यावर रागवायचे. अखेर अक्का यायच्या आदल्या दिवशी सकाळी हातगाडीवरून कूलर आला. एवढं मोठं हिरवं धूड बघायला गल्ली गोळा झाली. फिटरने तो परसाकडच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर चढवला, तोंड खोलीत, पाठ बाहेर. टाकीत पाणी ओतलं, वाळ्याच्या ताट्या भिजल्या, पंखा घरघरला आणि खोलीत असा काही वारा सुटला की आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. सगळी दारं तेव्हा उघडीच होती, माणसं आत-बाहेर करत होती. नाना फिटरला म्हणाले, “वा!” आणि त्याला वर चहापाण्याला दिलं.

फिटर गेला. गल्ली पांगली. आईने कूलर आणि चौकट यांच्यामधल्या फटीत पुठ्ठे आणि चिंध्या ठासल्या, इतक्या नीट की मुंगीला वाट मिळू नये. रस्त्याकडच्या खिडकीवर नवं गोणपाट सोडलं. दाराखालची वळकटी दुप्पट जाड केली. आपला गारवा आणि कूलरचा गारवा मिळून आता काय थंडी पडेल, अशा विचारात ती होती. आम्ही सगळेच होतो.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. तिची दृष्ट काढली, पायावर पाणी घातलं, कूलरसमोर खाट टाकून तिला निजवलं. दार बंद झालं. पहिला थोडा वेळ बरं वाटलं. मग हवा हळूहळू दमट झाली. मग चिकट. दुपारी खोलीत असं काही झालं की मीठ ओलं, काडेपेटी ओली, उशी ओली, भिंतीवरचं कॅलेंडर पापडासारखं वाकलं. घाम येतो तो वाळेना. आई सारखी विचारायची, “गार शे का वं पोरी?” आणि अक्का कुशीवर वळून म्हणायची, “हो गं, आहे गार.” तिच्या मानेवर घामोळ्यांचे लाल पट्टे उठले होते.

मग सुरू झालं दुकानाचं दळण. नाना तक्रार घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, वाळा नवीन आहे, जरा मुरू द्या. मुरू दिला. मग म्हणाला, पाण्यात मूठभर जाडं मीठ टाका. टाकलं, तर टाकीच्या तळाशी दोन दिवसांत गंजाचे पोपडे आले. मग म्हणाला, बर्फ टाका. नाना सायकलच्या कॅरिअरला बर्फाची लादी बांधून आणायचे, वर भुसा, वर पोतं. घरापर्यंत येईतो निम्मी लादी रस्त्यावर सांडलेली असायची, उरलेली टाकीत पडली की खोली आणखीच ओलसर व्हायची. आमच्याकडे नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढ्या धारेचा. त्यातलं पिण्याचं बाजूला काढून उरलेलं सगळं मी बादल्यांनी कूलरला पाजत होते. पाणी भरण्याचं काम माझ्याकडे होतं. मला त्या हिरव्या धुडाचा असा तिटकारा आला होता की बादली ओतताना मी त्याला तोंडाला येईल ते बोलायचे. आई म्हणायची, यंत्राला शिव्या देऊ नये. आणि मग स्वतःच त्याच्या पत्र्यावर एक चापट मारायची.

शेवटी दुकानदाराने फिटरला पाठवला. तो सकाळचा आला. दार उघडं, खिडकी उघडी, हा आत-बाहेर करतोय, आणि कूलर असा झकास वारा फेकतोय की विचारू नका. फिटरने तोंडासमोर हात धरला, नानांकडे बघितलं. “भाऊ, याला काय झालंय? बर्फ सुटतोय यातून.” नाना ओशाळले. “दुपारी असं होत नाही हो,” म्हणाले. “दुपारी ऊन जास्त असतं,” फिटर म्हणाला आणि निघून गेला. आम्ही दार लावलं. पाऊण तासात पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा नानांनी हट्टाने त्याला भरदुपारी बोलावला. तो आला, आम्ही दार उघडलं, त्याने हत्यारांची पिशवी उंबऱ्यात ठेवली, त्यामुळे दार काही लागेना, आणि तो पंप उचकटून बघेपर्यंत खोलीत गारवा भरला. आई चडफडत होती ती दार उघडं असल्यामुळे. “बठ्ठी झळ मझार,” ती पुटपुटत होती आणि फिटर उठायची वाट बघत होती. फिटरने या खेपेला नानांकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानात जाऊन तो काय बोलला ते आम्हाला कळलं, कारण पुढच्या वेळी नाना गेले तेव्हा दुकानदाराने चहा मागवला नाही. चांगल्या चालत्या वस्तूवर बोट ठेवणारं गिऱ्हाईक, अशी नानांची ख्याती झाली. एवढा सरळ माणूस माझा बाप, पण त्या दिवशी घरी येऊन चप्पल काढताना ते स्वतःशीच म्हणाले, “मी काय खोटं बोलतोय का?” मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

अक्का दिवसेंदिवस सुकत चालली. पावलांवर सूज आली. ताक आणि पन्हं सोडून काही पोटात ठरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, हिला गारव्यात ठेवा. आम्ही माना डोलावल्या. गारव्यात ठेवायचं म्हणून आईने दाराच्या बिजागरीजवळच्या फटीतही कापूस भरला. एके दुपारी अक्का मोरीकडे जायला उठली आणि भिंतीला धरत धरत खाली बसली. घेरी आली होती. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “काही बोलू नको. पोर दमेल शे.” पोर दमलीय, एवढंच.

त्या घेरीची बातमी नाशिकला गेलीच. दोन दिवसांनी सासूबाई आणि जावई हजर झाले. सकाळी आले, चहा झाला, आईने पुरणपोळीचा घाट घातला, त्या उकाड्यात. जेवणं झाल्यावर दार लागलं, कूलर लागला, आणि आम्ही सगळे त्या खोलीत समोरासमोर बसलो. सासूबाईंच्या पातळाचा गळ्याजवळचा भाग हळूहळू ओला होत गेला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घ्यायला सुरुवात केली, मग तो वारा अक्काला घालायला लागल्या. जावई कूलरकडे बघून म्हणाले, “नवा दिसतोय.” नाना म्हणाले, “हो, नवाच आहे.”

थोड्या वेळाने सासूबाईंनी आईचा हात हातात घेतला. “विहीणबाई, तुमच्या करण्यात कसूर नाही. पण आत्ता नेली तर नेता येईल, पुढच्या आठवड्यात डॉक्टर प्रवास करू देणार नाहीत.” आईने अक्काकडे बघितलं. मला वाटतं तिला खात्री होती की लेक नाही म्हणेल. अक्काने डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, “आई, मला जाऊ दे गं.”

आई उठली. ट्रंकेतून जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली दुपटी काढली, बाळंतविडा काढला, डिंक आणि अळीव बांधले. तेल लावायला ठरवलेल्या बाईचा निरोप मी सांगून यावा असं म्हणाली, मग म्हणाली, राहू दे, उद्या सांग. नाशिककडची गाडी तिसऱ्या प्रहरीची होती. रिक्षात अक्का, सासूबाई, जावई आणि पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून नाना. मला आणि आईला जागा नव्हती. आईने दारातच अक्काच्या गालावरून हात फिरवला. रिक्षा सुरू झाली.

आई घरात आली, तडक रस्त्याकडच्या खिडकीशी गेली, गोणपाट बाजूला सारून तिने कडी काढली आणि दोन्ही दारं उघडली. खिडकीतून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसायचा. जळतं ऊन सरळ तोंडावर येत होतं आणि ती गज धरून उभी होती. रिक्षा वळली. तरी ती तिथेच. मी स्वयंपाकघरात जाऊन कपबश्या विसळायला बसले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा वाळ्याचा वास आला. स्वच्छ, कोरडा, ओल्या मातीसारखा वास, जो इतके दिवस कुबट होता. कॅलेंडर भिंतीवर फडफडत होतं. खिडकीवरचं गोणपाट बाहेरच्या बाजूला फुगलं होतं. कूलर कुणी बंदच केला नव्हता. घाईत राहूनच गेलं होतं. आई अक्काच्या खाटेवर बसली होती आणि तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता. तिने माझ्याकडे बघितलं.

“गार शे,” ती म्हणाली.

मी उघड्या खिडकीकडे बघितलं, मग कूलरकडे. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट लागते. एवढंच होतं. दुकानदाराला सांगायचं सुचलं नाही, कारण खिडकी बंद करून कूलर लावणारं माणूस असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार. आणि खिडकी उघडून उन्हाळा काढणारं माणूस असेल हे आमच्या.

नाना स्टेशनवरून परतले. दारात पाऊल टाकलं आणि थबकले. थकलेला तो चेहरा एकदम उजळला. “अरे! आलाय की गारवा! काय केलंत?” त्यांची नजर खोलीभर फिरली, खिडकीवर आली आणि तिथेच राहिली. मग ते भिंतीशी टेकून खाली बसले.

“गाडी सुटनी का?” आईने विचारलं.

“सुटली.”

“एक खिडकी उघडी ऱ्हाती,” आई म्हणाली, “ते पोर आठेच ऱ्हाती.” तर पोर इथेच राहिली असती. ती रडली नाही. आवाजात राग नव्हता, नशिबाला बोल नव्हता. दिवसभराचं काम करून बसलेलं माणूस बोलतं तसं ती बोलली. सवयीने मी उठले, खिडकीचं दार ओढायला लागले. ऊन आत येत होतं ना.

“ऱ्हाऊ दे उघडी,” ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरात दर उन्हाळ्यात ती खिडकी उघडी राहिली. कूलर पुढे पुष्कळ वर्षं चालला, मी तर म्हणेन मुद्दाम चालला. नानांनी त्या दुकानावरून सायकल नेणं सोडलं, लांबच्या रस्त्याने जायचे. अक्काला मुलगी झाली, नाशिकला, सुखरूप. आई बारशाला गेली. दोन दिवस राहिली, ताट वाढून मिळालं तिथे बसून जेवली आणि पाहुणीसारखी परत आली.